आसरांचा तांब्या

"फडकं लावू नका बाई आज," मथुराबाई म्हणाली. "आसरांचं पाणी गाळत न्हाईत. गाळलं तर बाळंतिणीचं दूध आटतंय."

नर्स कमलबाई दुपदरी फडकं घागरीच्या तोंडावर धरून तशीच उभी राहिली.

सोलापूरच्या एका धर्मादाय मंडळानं तिला परंड्याकडच्या या गावात धाडलं होतं ते नारूसाठी. इथं एका घराआड कुणाच्या तरी पायातून तो दोऱ्यासारखा पांढरा किडा बाहेर येत होता. माणसं बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवत, किडा पाण्यात पिलावळ सोडी, आणि ते पाणी जो पिईल त्याच्या पायातून वर्षभरानं नवा किडा डोकं काढी. कमलबाईनं हे पारावर सांगितलं, मशिदीपुढं सांगितलं. लोकांनी कीर्तन ऐकावं तसं ऐकलं, माना डोलावल्या आणि बारवेकडं गेले. शेवटी मंडळानं वर रहाट बसवला आणि पायऱ्यांच्या तोंडाशी बाभळीचे काटे लावले. "निजामाच्या राज्यातबी बारव कुणी बंद केली न्हवती," एवढं मथुराबाईनं तेव्हा बोलून घेतलं. पण बायका वरून पाणी शेंदू लागल्या, फडक्यानं गाळूही लागल्या.

आज मथुराबाईची सून शिवगंगा सव्वा महिना सरल्यावर पहिल्यांदाच पाण्यावर आली होती. पाण्यातल्या सात आसरांना हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा आणि त्याच पाण्याचा तांब्या बाळंतिणीनं पिऊन रिकामा करायचा, अशी रीत. बायका काठावर जमल्या होत्या. शिवगंगाचं हे पहिलंच. दूध बेताचं, त्यामुळं पोर रात्रंदिवस किरकिरायचं. ती नुसती कमलबाईच्या हातातल्या फडक्याकडं बघत राहिली.

कमलबाईनं पायऱ्यांकडं नजर टाकली. काटे जागच्या जागी होते. ते लावल्यापासून पाण्यात एक पाऊल पडलं नव्हतं. आता एका तांब्यासाठी आडमुठेपणा केला तर जोडलेलं गाव तुटायचं. आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या मोठ्या मनाचं तिला थोडं कौतुकच वाटलं.

"एकच तांब्या," ती म्हणाली.

बायकांचे चेहरे खुलले. शिवगंगानं मान वर करून तांब्या घटाघटा रिकामा केला आणि ओठ पुसून हसली.

पूजा उरकल्यावर कमलबाई मथुराबाईला लिंबाखाली घेऊन बसली. मथुराबाईच्या घोट्यातून नारू निघाला होता. तो तुराटीच्या काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली की तुटतो आणि आत राहिलेला पाय सडवतो. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो ही म्हण नारूवरूनच निघाली असावी, असं कमलबाई नेहमी म्हणायची. हे काम रोज दुपारचं. आज पूजेला आलोच आहोत तर सकाळीच उरकू म्हणून तिनं पट्टी सोडायला घेतली.

पट्टी ओलीचिंब होती.

"मथुराबाई, पाय कुठं बुडवला?"

"कुठं म्हंजी? आसरांपाशी." मथुराबाईला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "आग उसळती वो पायात, जीव नकोसा व्हतो. पान्यात ठिवला की दुधावानी पांढरं कायतरी सुटतंय, आन आग गप. आसराच वढून घेत्यात बघा."

"कधीपासून जाता?"

"रोजच की. झुंजुरकाचं. फरिदाबी येती, ईरण्णाची लक्ष्मम्मा येती. ज्यांच्या ज्यांच्या पायात हाय त्या समद्याच. एकमेकीला धरून उतरतो."

"आणि काटे?"

"उचलतो आन परत जसंच्या तसं ठिवतो. तुमी एवढ्या उन्हातान्हात लावल्यालं. तुमचं मन कशाला मोडायचं?"

रोज दुपारपर्यंत पट्टी वाळत होती आणि कमलबाई कोरडी पट्टी सोडून नवी बांधत होती. ती उठली, रहाटापाशी गेली आणि ओरडली, "गाळल्याशिवाय थेंबही पिऊ नका! उकळून प्या!" बायकांनी नेहमीसारखं "व्हय बाई" म्हटलं आणि घागरींना फडकी लावली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पोटात गेलेला तांब्या परत काढायचं औषध मात्र तिच्या पेटीत नव्हतं, कुणाच्याच पेटीत नव्हतं. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

ती परत लिंबाखाली आली तेव्हा शिवगंगा सासूशेजारी येऊन बसली होती. पोर पदराखाली गप्प होतं. चुटुचुटु आवाज येत होता.

"बाई, दूध उतरलं," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुमी न्हाय म्हनला असता तर कसं झालं असतं?"

"देवमाणूस हाय बाई," मथुराबाई म्हणाली. "पुढल्या चैतातबी याल न्हवं?"

शिवगंगानं पाय पुढं पसरले होते. पूजेची हळद त्यांना घोट्यापर्यंत लावलेली होती. पाय कोवळे होते, कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

कमलबाई त्या पायांकडं बघत राहिली.

"यावं लागेल," ती म्हणाली.