जबाबदार व्यक्ती

"जागा रिकामी." सोमाजींनी भिंतीवरचे ते दोन शब्द दोनदा वाचले. शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे ओठ हलवत वाचले. पण बरोबर वाचले. मग डोक्याचा गमछा सोडून खांद्यावर टाकला आणि अंगणात मांडून ठेवलेल्या मोहफुलांच्या टोपल्यांकडे पाठ करून ते ओसरीच्या कडेला जाऊन बसले.

भिंतीवरचा तो भलामोठा कागद रंजीता मॅडमचा. आलापल्लीजवळच्या या गावात भागीरथा आपल्या घरी मोहफुलांचे लाडू करते. नवऱ्यामागे सासऱ्याच्या, म्हणजे सोमाजींच्या सोबतीने उभा केलेला धंदा. आता नागपूरच्या दुकानांनी दुप्पट माल मागितला, तेव्हा कामाची नीट घडी बसवून द्यायला एका संस्थेने मॅडमना चंद्रपूरहून पाठवलं होतं. बाई गुणाची, बोलायला गोड. फक्त घाई फार. कागदावर एका बाजूला कामं, दुसऱ्या बाजूला जबाबदार व्यक्ती. फुलं भाजणं, कामाला येणारी सुकरी. लाडू वळणं, भागीरथा. डबे आणि गाडी, भागीरथाचा मुलगा प्रवीण. आणि सगळ्यांत वर, माल पारखणं. त्याच्यापुढे जागा रिकामी, खाली लाल रेघ.

फुलं घेऊन आलेल्या बायका सकाळपासून ताटकळल्या होत्या. त्यांतली बुधरी शेवटी म्हणाली, "बुवा, पाह्य ना माहं टोपलं. घरी जायचं हाये."

"मले काऊन विचारतं? जागा खाली हाये म्हणते. भरली की त्याले विचारजो."

आत लाडू वळणाऱ्या भागीरथाचे हात थांबले.

मोहफुलं मुठीत दाबून सोडायची. सुटी झाली तर वाळली, चिकटून राहिली तर अजून ओल आहे. सांगायला एवढंच, पण ते सोमाजींच्या मुठीला जसं कळे तसं गावात कोणाला कळत नसे. एक ओली टोपली आत गेली की डब्यातल्या लाडवांना बुरशी धरते आणि नागपूरवाले पुन्हा दारात उभं करत नाहीत. भागीरथाला हे ठाऊक होतं. पण या घडीला तिला नागपूरची काळजी नव्हती. आपण म्हाताऱ्याला जेवायला ताट दिलं आणि त्याच्या हातचं काम काढून घेतलं, याची तिला लाज वाटत होती.

घडलं ते काल दुपारी. सोमाजी तेव्हा शेतावर होते आणि सुकरी परसात चुलीपाशी. मॅडमनी विचारलं होतं, "माल कोण पारखतं?"

"घरातलेच पारखते."

"घरातले म्हणजे कोण? नाव सांगा, मी लिहिते."

भागीरथाने खाली पाहिलं. सासऱ्याचं नाव सून घेत नाही. बावीस वर्षांत तिने ते जिभेवर येऊ दिलं नव्हतं. सोमवारालासुद्धा ती महादेवाचा वार म्हणायची. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली. ठरलेला असा माणूसच नाही, म्हणून बाई गप्प आहेत, असा त्यांचा समज झाला. "मग एक माणूस नेमावा लागेल," म्हणत त्यांनी 'जागा रिकामी' लिहिलं आणि खाली लाल रेघ ओढली. त्यावर तरी भागीरथाने तोंड उघडायचं! तेही तिने उघडलं नाही.

आता ती हात पुसत ओसरीवर मॅडमपाशी आली आणि खालच्या मानेनेच म्हणाली, "मॅडम, थे काम मामाजीच करते. पयलेपासून. नाव कसं घेऊ, म्हणून बोलली नाई."

रंजीता मॅडमचा चेहरा उतरला. त्या लगबगीने पेन शोधू लागल्या. "अहो, माझंच चुकलं. बाबा, राग मानू नका. इथे 'सासरे' लिहिते, चालेल ना?"

सोमाजींनी मान वळवली. आवाज चढला नव्हता. "सासरा त मी घरात हाओ, मॅडम. भिंतीवर सुकरीले नाव हाये, नातवाले नाव हाये. आन मले नातं देता?"

प्रवीण डबे आणायला आलापल्लीला गेलेला. तो असता तर आजोबांचं नाव सांगून मोकळा झाला असता. परसातून आलेली सुकरी पुढे झाली. "मी सांगतो ना बाई. त्याइचं नाव सो..."

"तू थांब, सुकरी."

हे भागीरथा इतक्या मोठ्याने बोलली की तिची तीच दचकली. धंदा तिचा होता. कोणतं काम कोणाचं, हे तिने सांगायचं होतं. सुकरीच्या तोंडून आलेलं नाव कागदावर चढलं असतं, पण म्हाताऱ्याच्या मनाला पोचलं नसतं.

तिने पदर कपाळापर्यंत ओढला. सोमाजींकडे पाठ करून ती भिंतीसमोर उभी राहिली. एकदा नुसताच श्वास बाहेर आला. बुधरीने तोंडावर हात ठेवला.

"लिहा मॅडम," ती म्हणाली. "माल पारखणं. सोमाजी."

मॅडमचं पेन अजून कागदावर टेकलंही नव्हतं. तेवढ्यात भागीरथाच्या पाठीमागून आवाज आला, जंगलाच्या कामावर सकाळच्या हजेरीला मजूर उठून ओ देतात तसा, खणखणीत.

"हाजीर!"