मानाची मरळ

शेवटच्या ओढीला जाळ्यात मरळ आली. हातभर लांब, दंडाएवढी जाड. सत्याऐंशीच्या दुष्काळानं तळ्याचं डबकं केलेलं, त्यात एवढं धूड अजून जिवंत होतं.

मच्छीमार सोसायटीत सगळ्यात मोठा मासा अध्यक्षांचा. तो मान, तो विकायचा नाही. बाकीच्यांना चिंगळ्या. मोहनरावांनी वीस वर्षांत हा मान एकदाही सोडला नव्हता.

साखराबाई लाज गुंडाळून ठेवून पुढं झाली.

"अध्यक्ष, एवढी मरळ मला द्या. भिवराला, माझ्या सुनंला, सातवा लागलाय. दोनदा पोट पडलं तिचं. अंगात रगत न्हाई."

"चिंगळ्या खाऊ घाल की," कुणीतरी हसलं.

"तपासणीचे सायेब काय म्हणले, ऐकलं न्हाई का? शेवाळ किडे खात्यात, किड्यांला चिंगळ्या, चिंगळ्यांला मरळ. तळ्यातलं समदं शेवटी मरळीत साचतं. मंजी समद्या तळ्याची ताकद तिच्यातच की!"

साहेब महिन्यापूर्वी आले होते. वरच्या कपाशीवर फवारलेलं औषध ओढ्यानं तळ्यात उतरतं, म्हणून मासे बर्फात घालून घेऊन गेले. त्यांचा कागद कालच आला. "समदं ठीक हाय," मोहनरावांनी सांगितलं होतं, म्हणून तर आज जाळं पडलं.

मोहनरावांनी खिशातला तो कागद चाचपला. मरळीकडं पाहिलं.

"ने," ते म्हणाले. "माझीबी सत्यभामा बाळंतपणाला आलीय. कळतं मला."

साखराबाईचे डोळे भरले. या माणसाला आजवर मनातल्या मनात किती शिव्या घातल्या, याची तिला लाज वाटली.

दुपारी कालवण झालं. भिवरानं दोनदा वाढून घेतलं, काटेसुद्धा चोखले. कितीतरी दिवसांनी पोर पोटभर जेवली. साखराबाईला बरं वाटलं. देणाऱ्याला विसरू नये म्हणून तिनं वाटीभर कालवण पदराखाली घेतलं आणि ती अध्यक्षांच्या घरी गेली.

सत्यभामा ओसरीवर भाकरी खात होती. तिनं हसून वाटी घेतली, वास घेतला.

"लई दिवस झाले बघा, मावशी. कालपासून तर बाबा माशाचं नावबी काढू देईनात."

तिनं भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात घातला.

आतून मोहनराव धावत आले. त्यांनी वाटीवर असा फटका मारला की ती अंगणात जाऊन पडली. मग लेकीचा जबडा धरला.

"गिळलास का? थुक! थुक आधी!"