अर्ध्या मीटरचे तुकडे

"तीनला अर्ध्यानं भागलं की सहा येतात," मोठे सर म्हणाले. "येतात म्हणजे येतात. का येतात हे विचारून आजवर कुणाचं भलं झालंय?"

पाचवीच्या बाईंनी हातातली रिबीन टेबलावर ठेवली. मोठे सर शाळेचे मुख्याध्यापक. डोक्यावर केस होते तेव्हापासून ते गणित शिकवत आले होते. अपूर्णांक उलटा करा, गुणा आणि मोकळे व्हा. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं झोपेतसुद्धा अपूर्णांक उलटे करत.

"सर, भागल्यावर उत्तर मोठं कसं झालं, असा प्रश्न पोराला पडलाच पाहिजे," बाई म्हणाल्या. "पडला की ते विचारील. विचारलं की समजेल."

"आणि तोवर परीक्षा संपेल."

वाद नेहमीचाच होता, पण या खेपेला प्रकरण गळ्याशी आलं होतं. पाचवीची पोरं पाढे म्हणायचे सोडून रिबिनी कापत बसतात, अशी पालकांची तक्रार वरपर्यंत गेली होती आणि सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते. त्यांना पटलं नाही, तर बाईंची रवानगी कार्यालयात, हजेरीपटांच्या ढिगाऱ्याशी. शिकवण्यावाचून बाईंना दुसरं काही आवडत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर येतही नव्हतं.

"निदान चार पोरांची तयारी तरी करून घ्या," मोठे सर म्हणाले. "तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"मुळीच नाही. समज कधी पाठ करून घेता येते का, सर?"

मोठ्या सरांनी टेबलावरची रिबीन उचलून बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "बरं. मधल्या सुट्टीत पाचवी माझ्याकडे पाठवा. स्वागतगीत बसवायचंय."

बाईंनी आनंदानं पाठवली. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच समाधान. त्या आठवड्यात सभागृहाचं दार मधल्या सुट्टीत बंद असे आणि आतून मोठ्या सरांचा आवाज येई, "पुन्हा! अरे, जरा सहज!" पोरं घामाघूम होऊन वर्गात परतत. कशाला जीव काढतात लेकरांचा, असं बाईंना वाटे.

सोमवारी साहेब आले. स्वागतगीत दुसऱ्या ओळीला आडवं झालं. पोरं एकमेकांची तोंडं बघू लागली, कुणी पहिलीच ओळ पुन्हा धरली, एकानं तर नमस्कार करून टाकला. बाईंना मोठ्या सरांची कीव आली. पाठांतराच्या भरवशावर राहिलं की हे असं होतं. पण जखमेवर मीठ कशाला चोळा, म्हणून त्यांनी पोरांना वर्गाकडे वळवलं.

वर्गात साहेब फळ्यासमोर खुर्ची टाकून बसले, मोठे सर त्यांच्या मागे उभे राहिले.

"तीन भागिले अर्धा," साहेब म्हणाले. "उत्तर नको. का ते सांगा."

पहिल्या बाकावरची बडबडी पुढे आली. तिनं फळ्यावर लांब रिबीन काढली, तिचे तीन भाग केले. थबकली. डोकं खाजवलं. मग हातानं सगळं पुसलं.

"नाही, थांबा," ती स्वतःशीच म्हणाली. पुन्हा तीन मीटरची रिबीन काढून तिनं अर्ध्या अर्ध्या मीटरवर खुणा केल्या. "अच्छा! म्हणजे यात अर्धे किती बसतात, असं विचारलंय! सहा! तुकडा लहान, म्हणून तुकडे जास्त!"

साहेब खुर्चीतच पुढे सरकले. "बाई, मी जन्मभर उलटा करून गुणत आलो. का ते आज कळलं." त्यांनी तक्रारीचा कागद घडी घालून खिशात टाकला. "ही पद्धत चालू ठेवा. तक्रार करणाऱ्यांचं मी बघतो."

बाईंचे डोळे भरून आले. मोठ्या सरांनीही सुटकेचा निःश्वास सोडला. शेवटी माणूस मनानं चांगला, बाईंना वाटलं.

"आता आणखी एक, केवळ माझ्या आनंदासाठी," साहेब म्हणाले. "तू रे, शेवटच्या बाकावरचा."

सगळ्या वर्गानं वळून मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर पैलवान बसे. वर्षभरात त्यानं 'हजर' सोडून दुसरा शब्द उच्चारला नव्हता. तो आला, त्यानं लांब रिबीन काढली, तिचे तीन भाग केले आणि खडू धरून उभा राहिला.

बाई मनातल्या मनात म्हणत होत्या, विचार कर बाळा, घाई नाही.

"करू दे विचार," साहेबही कौतुकानं म्हणाले. "समजून घ्यायला वेळ लागतोच."

पण पैलवान फळ्याकडे बघतच नव्हता. घामेजल्या चेहऱ्यानं तो साहेबांच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. बाईंनी तिकडे मान वळवली.

साहेबांच्या खुर्चीमागे मोठे सर डाव्या हातानं स्वतःचं टक्कल कराकरा खाजवत होते आणि उजव्या हातानं हवेतला फळा पुसत होते.