आठ दिवसांचा खर्च

पेट्रोलचा आकडा ऐकून फोरमनच्या बायकोनं नुसती मान वर केली. त्यानं घाईघाईनं सांगून टाकलं, की घाटात गाडी सपाटीच्या दीडपट पेट्रोल पिते आणि यंदा भावही चढलेत. तिनं पुन्हा मान खाली घालून आकडा मांडला.

सुट्टीची दुपार होती. समोरच्या इमारतीनं सगळा उजेड अडवल्यामुळे स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागे. त्या दिव्याखाली दोघं टेबलाशी बसली होती. ती हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघायची आणि घरातला पैसाही तिच्याच हातून जायचा. तो छापखान्यात फोरमन होता. अजून होता, एवढंच. मालकानं मोठं मशीन विकून टाकल्यापासून अर्धाच पगार हातात पडत होता.

म्हणून यंदा ती नाहीच म्हणणार, असं तो धरून चालला होता. आठवडाभर त्यानं मनातल्या मनात उत्तरांची जुळवाजुळव केली होती. वर्षभर शाईच्या वासात काढल्यावर माणसाला मोकळी हवा लागते. गाडी विकायला काढली तरी भंगाराचाच भाव येणार. पण तिनं काही विचारलंच नाही. "सांगा," एवढंच म्हणून पेन्सिल उचलली. त्यामुळेच तो जास्त धास्तावला होता.

मोटारसायकल त्याच्याकडे लग्नाआधीपासून होती. डोंगरात जायचं वेड मात्र नंतरचं. लग्नानंतरची बरीच वर्षं दवाखान्यांच्या बाकांवर गेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली आणि आता आशा धरू नका, असं सरळ सांगितलं. तेव्हापासून घरात बोलण्यासारखं फारसं उरलं नाही. भांडणं अशी नव्हतीच. दोघं एकमेकांना सांभाळून असायची, दुखलंखुपलं तर करायची. पण संध्याकाळी समोरासमोर बसली, की फ्रिजची घरघर तेवढी ऐकू यायची. अशातच एका वर्षी तो एकटाच गाडी काढून डोंगरात गेला, आणि परत आला तो माणूस बदलल्यासारखा. जिना चढताना शीळ घालत होता. त्यानंतर एकही वर्ष चुकलं नाही.

मध्ये एकदा तिनंही येते म्हणून पाहिलं होतं. मागच्या सीटवर बसून तुझी कंबर कामातून जाईल, वाटेत धड बाथरूमसुद्धा नसतं, असं त्यानं समजावलं. ती बरं म्हणाली आणि उठून दळण आणायला गेली. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. छापखान्यातला बाइंडर तर त्याच्या मागेच लागला होता. त्यालाही त्यानं गोड बोलून वाटेला लावलं.

"मागचा टायर?" तिनं विचारलं.

अजून एक फेरी निघेल, असं तो म्हणाला. खरं तर टायर पार गुळगुळीत झाला होता, आणि हे तिला जिन्याखाली गाडी बघूनच कळलं असावं. तिनं नव्या टायरची पूर्ण किंमत मांडली. एवढे पैसे आणायचे कुठून, असं त्यानं म्हणताच, आपण थोडे बाजूला टाकलेत, असं ती म्हणाली.

"ते तुझे आहेत."

"तुम्हाला काही झालं तर पाहायचं कुणी?" ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

त्याला एकदम भरून आलं. पुढे क्लचची केबल आली, ऑइल आलं, वाटेतलं जेवणखाण आलं. एक वेळ जेवून भागवेन, असं तो म्हणाला, तर तिनं दोन वेळचं धरलं. आपण हिला ओळखलंच नाही, असं त्याला वाटून गेलं. टेबलावरच्या तिच्या हातावर हात ठेवावा, काहीतरी बोलावं, असं फार वाटलं. पण ती सवय कधीच मोडली होती. त्यानं उगाच पाण्याचा ग्लास इकडचा तिकडे केला.

"आता राहायचं," ती म्हणाली.

हे त्याच्या जिभेवरच होतं. खिंडीपलीकडचं ते लॉज, त्याचा खडूस म्हातारा मालक, कुबट वासाच्या रजया, गरम पाण्याचे वेगळे पैसे. दरवर्षी तो तिला हेच सांगायचा आणि दरवर्षी त्यात थोडी भर पडायची. यंदा म्हाताऱ्यानं भाडं वाढवलंय, छपराचे पत्रे बदललेत ना, असंही त्यानं सांगितलं. मग आपण फार बोलतोय, हे लक्षात येऊन तो थांबला.

तिनं भाड्याचा आकडा मांडला आणि बेरीज केली. मग पुन्हा वरपासून केली.

"बसत नाही," ती म्हणाली.

वर्षभर तो त्या आठ दिवसांवर जगायचा. तरी त्यानं आवाज शक्य तेवढा सहज ठेवला. "मग पाचच दिवसांत येतो परत. त्यात काय एवढं."

"नको. आठ दिवस राहा."

तिनं खोडरबर घेतलं, शेवटचा आकडा सावकाश खोडला आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला.

"लॉजचे पैसे काढून टाकलेत," ती म्हणाली. "आता उरतील त्यात लेकरासाठी काहीतरी घेऊन जा. बापानं दरवर्षी असं रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही."