टोपी राहिली

"मेस्त्रीनू, पुन्हा कापलीत?" सरपंच सुभद्रावहिनी रडायच्याच बाकी होत्या.

दिगूमेस्त्रीने इंटरनेटच्या केबलीतल्या रंगीत तारा ओळीने जॅकमध्ये सारल्या होत्या, पकडीने दाबल्याही होत्या. पण जॅकमागची रबरी टोपी केबलीवर आधी ओवायची असते, ती राहिली. जॅक एकदा बसला की टोपी चढत नाही. टोक कापा, पहिल्यापासून करा.

"टोपीवाचून चालेल हो! अकराला कलेक्टरसाहेब संगणकावर यायचेत. आज ओढ्यावरचा साकव मागितला नाही, तर पलीकडची वाडी नेईल."

"बोडका जॅक आमच्या घराण्यात कुणी लावला नाही, वहिनी."

घराण्यात जॅक लावणारा पहिला तोच, ते सोडा. पण खोटं सांगत नाही, दर वेळी तो टोपी विसरला. केबल ग्रामपंचायतीच्या छताजवळच्या भोकातून यायची. ती आखडत गेली तसा संगणक टेबलावरून कपाटावर चढला. अखेर टोपी बसली, तेव्हा जॅक वाशाला टेकला होता. मग वहिनी, ग्रामसेवक, मेस्त्री आणि मी बाकावर चढलो आणि संगणक डोक्यावर उचलून धरला.

हिरवा दिवा लागला. वरून साहेबांचा आवाज आला, "तर साकव पलीकडच्या वाडीला देतोय. सगळ्यांचे माइक आम्ही बंद ठेवलेत. कुणाची हरकत असेल, त्याने हात वर करावा."

आम्हा चौघांचेही हात वरच होते. पण संगणकाखाली.