मोहनरावांची मिशी

बंकटआबांना अलीकडे कानानं कमी ऐकू येत असे, पण ती शिट्टी मात्र ऐकू येत होती. त्यांच्या थोरल्या पोराच्या, मोहनरावांच्या तोंडावर दवाखान्यात मास्क आवळून बांधला होता. मशीन आत हवा ढकलत होतं आणि हवा मिशीतून वाट काढून शिट्टी वाजवत बाहेर पळत होती.

मिशी तरी केवढी! पार कल्ल्यांना जाऊन भिडलेली. सोसायटीच्या निवडणुकीत निम्मी मतं मोहनरावांना आणि निम्मी मिशीला पडतात, असं युसूफ वडगावचे गावकरी म्हणत. आता तीच जिवावर उठली होती.

"फुप्फुसांत पाणी भरलंय," डॉक्टर स्वप्नाली म्हणाल्या. "हवा दाबानं आत गेली तरच श्वास मिळेल. मिशी काढावी लागेल, आत्ताच. नाहीतर घशात नळी घालायची वेळ येईल. ती सोय इथं नाही, आणि लातूरपर्यंत हे टिकणार नाहीत."

नर्सनं रेझर आणला. तसा मोहनरावांचा धाकटा भाऊ बिभीषण आडवा आला.

"बाप जिता असताना मिशी काढायची? मॅडम, आमच्यात बाप गेल्यावर काढतेत. आबा तर हे काय, हितं हुबे हायेत!"

"मग तुम्हीच ठरवा," डॉक्टर म्हणाल्या. "पण लवकर ठरवा."

बिभीषण बाजूला सरला, पण आता मोहनरावच ऐकेनात. ओठ काळेनिळे पडलेले, छाती भात्यासारखी चाललेली, तरी नर्सचा हात त्यांनी झटकून टाकला. मान हलवली. नजर दाराशी, बापावर.

आबांनी ती नजर ओळखली. पोरगं हट्टी होतंच. पण हा हट्ट बापाच्या आयुष्यासाठी होता, आणि त्या आयुष्यात आता राहिलं होतं काय? दोन वेळची भाकरी आणि गुडघेदुखी.

सासऱ्यासमोर कधी मान वर न केलेली मोहनरावांची बायको छबुबाई पुढं आली. "मामा, तुमी सांगा की ह्यान्ला. तुमच्या शब्दाबाहेर न्हाईत ते."

आबांनी काठी तिच्या हातात दिली. नर्सकडून रेझर घेतला आणि कॉटच्या कडेला टेकले.

"मोहन, हिकडं बघ. मी गेलो. आइकलंस का? बाप मेला तुजा. सुतक हाय, आता मिशी ठिवायची न्हाई."

मोहनरावांनी बापाचं मनगट धरलं. धरून ठेवलं. मग बोटं एकेक करून सुटली.

नर्सनं मास्क बाजूला केला. आबांनी मिशीवर रेझर चालवला. दोन ठिकाणी रक्त आलं, तरी ते थांबले नाहीत. मास्क पुन्हा बसला आणि शिट्टी बंद झाली. नुसतं मशीन श्वास घेत राहिलं.

"फार वेळ गेला," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आता बघू."

आबा बाहेर बाकावर येऊन बसले. मुठीत मिशीचे केस तसेच होते. टाकायचे कुठं, ते त्यांना सुचत नव्हतं.

तेवढ्यात गावाकडून सटवा आला, आबांची जमीन वाट्यानं करणारा. तो थेट दाराशी गेला आणि काचेतून आत डोकावला. पारदर्शक मास्कखाली मोहनरावांचा सफाचट ओठ दिसला, तशी त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"आरं देवा! आबा कवा गेलं?"

हुंदका देत तो मागं वळला. बाकावर आबा.

"गेलो," आबा म्हणाले. "तू जा माघारी, गावात सांग. देवळात देवाला बी सांग. ह्या घरातलं एक माणूस गेलंय म्हणावं, आता दुसरं नगं."