बुधवारची मांदेली

बेडरूमच्या दाराआड नंदकुमार काठी घेऊन उभे होते. घर त्यांचं, कुलूप त्यांचं, आणि चोरासारखे लपलेही तेच. पाचला दहा मिनिटं कमी होती. रोज या वेळी ते नेरूळच्या तळ्यावर फिरायला निघत. आज त्यांनी चपला घातल्या, शेजारच्या नमिताला ऐकू जाईल असा दरवाजा आपटला आणि आतच राहिले.

काठी त्यांच्या बायकोची, सुचित्राची, तिच्या गुडघ्यांसाठी आणलेली. ती गेल्यावर त्यांनी ती कपाटामागे ठेवून दिली होती, असं त्यांना पक्कं आठवत होतं. आज ती दाराआड टेकवलेलीच सापडली. असेल, ते मनाशी म्हणाले.

सुचित्राला जाऊन चार महिने झाले होते. एकटं राहणं त्यांनी बऱ्यापैकी जमवून घेतलं होतं. सकाळी तिच्या रेडिओवर गाणी, दुपारी तिने दुमडून ठेवलेल्या पानापासून पुढे एखादं पुस्तक, खिडकीतल्या तिच्या गवती चहाला तांब्याभर पाणी. एवढ्यात दिवस सरायचा. पण गेले दोन-अडीच महिने दर बुधवारी संध्याकाळी फ्रिजमध्ये स्टीलचा डबा दिसू लागला. आत साफ केलेली मांदेली, हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून, थेट सुचित्रा लावायची तशी. नंदकुमारांना मासे तळता येत. साफ करणं बापजन्मात जमलं नव्हतं. मग ही आली कुठून? आणि ओट्यावर धुऊन पालथे घातलेले कप असत, तेही दोन.

डब्यापेक्षा त्या दोन कपांनीच त्यांची झोप उडवली होती. आपण सुचित्रासाठी चहा करतो की काय? करतो आणि विसरतो? थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी तो सख्ख्या बायकोला "आपण कोणाकडच्या?" असं अदबीने विचारायचा. मांदेली मात्र नंदकुमार तळून खात. भीत भीत खात, आणि चार जास्तच खात.

विचारायचं तरी कोणाला? महिन्यापूर्वी दूध गॅसवर ठेवून त्यांचा डोळा लागला. धूर नमिताच्या घरात गेला, आणि तिने थेट बंगळूरला केयूरला फोन लावला. मुलगा ओरडला नाही, हेच वाईट. "बाबा," तो शांतपणे म्हणाला, "आणखी एकदा असं काही झालं, तर फ्लॅट बंद करू. तुम्ही माझ्याकडे यायचं." तेव्हापासून त्यांनी तोंड शिवून घेतलं होतं. तो रेडिओ, ती दुमडलेली पानं, तो गवती चहा बंगळूरला कोण नेणार? हे घर गेलं की सुचित्रा दुसऱ्यांदा जाणार होती.

लॅचमध्ये चावी फिरली.

अनवाणी पावलं हॉलमधून सरळ स्वयंपाकघरात गेली, कुठे अडखळली नाहीत. नळ सुटला. सुरी घासल्याचा आवाज येऊ लागला. नंदकुमारांनी मनात सुचित्राचं नाव घेतलं, काठी उगारली आणि बाहेर आले.

ओट्याशी दमयंती होती. सारसोळ्याची कोळीण, बावीस वर्षं त्यांच्या दारावर मासळी घेऊन येणारी. काठी उगारलेला माणूस बघून ती दचकली नाही. ओल्या हाताच्या कोपराने तिने खुर्ची पुढे ढकलली.

"बसा सायब. काठी टेकवा तिकडं."

"तू? तुझ्याकडे चावी कशी आली?"

"बाईनी दिली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी. बोलल्या, सायबाला मासली साफ कराया येत नाय, नि मागायची लाज वाटते. माझा सव्वा महिना झाला की दर बुधवारी ठेवून जा."

नंदकुमार मटकन बसले. आधी रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. डोकं शाबूत होतं तर! आणि सुचित्रा, तेवढ्या दुखण्यात, स्वतःचा सव्वा महिना मोजून त्यांच्या ताटाची सोय लावून गेली होती. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं त्यांना. मग त्यांनीच उठून गवती चहाची पात तोडली आणि दोन कप चहा टाकला. दमयंतीने उभ्या उभ्याच घेतला. मांदेली शिळी निघाली तेव्हा सुचित्रा कशी कडाडली होती, ते तिने हुबेहूब करून दाखवलं. नंदकुमार इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दमयंतीने डबा फ्रिजमध्ये ठेवला. कप विसळून ओट्यावर पालथे घातले.

"आज केयूरला फोन करतो," नंदकुमार म्हणाले. "तुझा बाप ठणठणीत आहे म्हणावं."

दमयंतीने काठी उचलली, बेडरूमच्या दाराआड नेऊन टेकवली आणि आपली टोपली घेतली.

ते तिला सोडायला दारापर्यंत गेले. "आणि हे बघ, आता दर बुधवारी मी फिरायला जाणार नाही. तुझ्यासाठी घरीच थांबेन."

दमयंती उंबऱ्यात थांबली. पदराने तिने डोळे टिपले.

"थांबता की सायब," ती हळूच बोलली. "दर बुधवारी थांबता. दाराआड, काठी घेऊन."